आवाज तर येणारच!

एक साधा प्रश्न विचारू? तुमच्या गाडीची पुढची चाकं गाडीला नेमकी कशानं धरून ठेवलेली असतात?

'नट-बोल्टनं!' हेच उत्तर आलं ना? परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी हाच प्रश्न पाच जणांना टाकला. पाचही इंजिनीअर, बरं का! दोघं म्हणाले नट-बोल्ट. एक म्हणाला अ‍ॅक्सल. एकानं लगेच मोबाइल काढून सर्च मारला. आणि पाचवीनं "आमचे ड्रायव्हरकाका बघतात ते सगळं," असं म्हणून कॉफीचा घोट घेतला. विषय संपला!

तर उत्तर आहे, बॉल जॉइंट. छोट्या लिंबाएवढी एक पोलादी गोळी, त्या गोळीला जोडलेला एक दांडा आणि गोळीला कवेत घेऊन बसलेली एक वाटी. आत ग्रीस, वरून रबराची टोपी, जिला गॅरेजवाले 'बूट' म्हणतात. बस्स. खुर्चीवर बसल्या बसल्या गुडघा उचलून पाय गोल फिरवून बघा. (बॉस बघत नसताना!) तुमच्या खुब्यात जे चाललंय, तेच गाडीच्या चाकापाशी चाललेलं असतं. चाकाला खड्ड्यात वर-खाली व्हायचं असतं आणि वळणावर डावी-उजवीकडे वळायचंही असतं. दोन्ही एकदम जमायचं, तर गोळी आणि वाटीसारखा सांधा नाही.

पूर्वी हे काम किंगपिन करायची. जुन्या विलीज आणि महिंद्रा जीपमध्ये तुम्हाला तीच सापडेल. अमेरिकेत १९५२ च्या लिंकन गाडीला पुढच्या बाजूला बॉल जॉइंट आले आणि मग बघता बघता ते सगळीकडे पसरले. आपल्या छोट्या हॅचबॅकला एका चाकामागे खाली एकच असतो, कारण वरची बाजू स्ट्रट सांभाळतो. मोठ्या गाड्यांमध्ये, जिथे वर एक आणि खाली एक असे दोन विशबोन असतात, तिथे प्रत्येक चाकाला दोन बॉल जॉइंट. दोन चाकांचे मिळून चार.

हे चार आकडे मला आता पाढ्यांसारखे पाठ आहेत. कारण आमच्या घरी हत्ती आहे.

कसब्यातला हत्ती

आम्ही राहतो कसबा पेठेत. म्हणजे पुण्याचं जे मूळ पुणं, तिथे. इकडे कसबा गणपती, पलीकडे लाल महाल, आणि मधल्या गल्ल्या घोडा, पालखी आणि फार तर टांगा यांच्या मापानं आखलेल्या. अशा गल्लीत आमच्याकडे आहे २००८ सालची टाटा सफारी. टू पॉइंट टू लिटर डायकॉर, १४० हॉर्सपॉवर, फोर बाय फोर! लांबी साडेचार मीटरच्या वर, रुंदी दोन मीटरला जेमतेम कमी. वाड्याची सोसायटी झाली तेव्हा बाबांनी बिल्डरकडे टाइल्स मागितल्या नाहीत, मॉड्युलर किचन मागितलं नाही. गेट रुंद करून घेतलं.

का? कारण बाबा टेल्कोतले. सगळी नोकरी पिंपरीच्या प्लँटमध्ये. २००३ मध्ये कंपनीचं नाव टाटा मोटर्स झालं, पण बाबांच्या तोंडात आजही टेल्कोच. सिएरा १९९१ ची, सुमो १९९४ ची, सफारी १९९८ ची, ही सालं आमच्या घरात भावंडांच्या वाढदिवसांसारखी पाठ आहेत. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलेलं नाही. पुण्याचा कारखाना उभा करणाऱ्या सुमंत मूळगावकरांच्या 'सु' आणि 'मू'वरून ते आलं, हे मला शाळेत जायच्या आधीच माहीत होतं. त्यामुळे ही गाडी म्हणजे बाबांसाठी वाहन नाहीच. ते त्यांच्या नोकरीचं सर्टिफिकेट आहे, चार चाकांवरचं.

२०२३ मध्ये तिच्या रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं भरली. सगळ्यांनी सांगितलं, काढून टाका. बाबांनी फिटनेस करून घेतलं, पाच वर्षं वाढवून आणली आणि त्या दिवशी घरी पेढे आणले!

मला स्वतःला गाडी लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या नावाचं मेट्रो स्टेशन सुरू झालं. कसबा पेठेला बसायचं, जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनवर लाइन बदलायची आणि कल्याणीनगरला उतरायचं. एसी, ट्रॅफिक नाही, कानात गाणी. पण माणगावच्या पुढे आमचं गाव आहे आणि तिथे आजी आहे. गावाचा शेवटचा तुकडा लाल मातीचा. पावसाळ्यात तिथे मेट्रो जात नाही. तिथे फक्त हत्ती जातो.

टक्... टक्...

आता गंमत बघा. कसब्यातून एवढी गाडी बाहेर काढायची म्हणजे एक जण स्टेअरिंगवर आणि एक जण पायी पुढे. "या... या... थोडं डावीकडे... बास!" हे पायी चालायचं काम माझं. दोन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे गाडीचा बारीकसारीक आवाज भिंतीवर आपटून कानात येतो. आत बसलेल्याला एसी, रेडिओ आणि इंजिन. खरा आवाज बाहेरच्यालाच ऐकू येतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गुरुवारची संध्याकाळ होती आणि शनिवारी आजीला आणायला निघायचं होतं. मंगळवारी पुण्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं. बाबा डिझेल भरून परत आले. मी नेहमीसारखी पुढे चालत होते आणि गटाराच्या झाकणावरून पुढचं चाक गेलं तसा आवाज आला. टक्. चाक खाली उतरलं. पुन्हा टक्. डबक्यात पडलेल्या खड्ड्यासारखा 'धप्प' नाही. कोणीतरी लोखंडावर लोखंड हळूच ठेवावं तसा.

मी बाबांना म्हटलं, "पुढून आवाज येतोय."

बाबा म्हणाले, "गाडी सतरा वर्षांची झाली. आवाज तर येणारच!"

हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल. किंबहुना रोज ऐकत असाल. आयटीत आहेस ना, मग मान दुखणारच. टार्गेट आहे ना, मग झोप उडणारच. या वाक्याची गंमत अशी, की ते ऐकलं की शांत वाटतं. प्रॉब्लेमला वय लावून टाकलं की तो प्रॉब्लेम राहत नाही, स्वभाव होतो.

आणि बॉल जॉइंटचा तर हाच धंदा आहे. तो एका दिवसात खराब होत नाही. आधी रबराचा बूट चिरतो. त्या चिरेतून ग्रीस बाहेर जातं, पाणी आणि बारीक माती आत जाते. गोळी आणि वाटी एकमेकांना घासायला लागतात. केसाएवढी जागा होते, मग नखाएवढी. दर आठवड्याला आवाज इतका थोडा थोडा वाढतो, की रोज चालवणाऱ्याचा कान त्याला सरावून जातो. म्हणून तर आवाज ड्रायव्हरला सगळ्यात शेवटी कळतो!

बारा आणि सहा

शुक्रवारी सकाळी मी आमच्या मिस्त्रीकाकांना फोन केला. कुंभारवाड्याच्या बाजूला त्यांचं छोटंसं गॅरेज आहे. बोर्ड नाही, वेबसाइट नाही, मिस्ड कॉल दिला तर उलट फोन करतात. ते स्कूटरवर जॅक आणि टॉमी घेऊन आले. (टॉमी म्हणजे लांब लोखंडी पहार. कुत्रा नव्हे!) बाबा वर गॅलरीत पेपर घेऊन बसले. खाली आले नाहीत.

पुढची पाच मिनिटं मी जे पाहिलं, ते प्रत्येक गाडीवाल्यानं एकदा तरी पाहायला हवं.

आधी जॅक. तो कुठे लावायचा यातही अक्कल आहे. स्प्रिंगचा ताण ज्या सांध्यावर येतो तो सांधा मोकळा झाला तरच त्यातली चाल दिसते. म्हणून काही गाड्यांत जॅक खालच्या विशबोनला लावतात, तर काहींत चासीला. चुकीच्या जागी लावला, तर झिजलेला सांधासुद्धा ताणामुळे गच्च बसतो आणि ठणठणीत वाटतो.

मग चाक हवेत आल्यावर काकांनी घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या जागी हात ठेवले आणि चाक आत-बाहेर हलवलं. हललं. "ताई, आता ब्रेक दाबून धरा." मी आत बसून दाबला. त्यांनी पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर चाल गेली तर व्हील बेअरिंगचा दोष. चाल राहिली तर बॉल जॉइंटचा संशय. राहिली! मग तीन आणि नऊच्या जागी हात. तिथे चाल असती तर टाय रॉडकडे बोट गेलं असतं. तिथे काही नव्हतं.

शेवटी टॉमी. टायरच्या खाली घालून चाक वर उचललं आणि काकांनी मला टॉर्च धरायला लावला. डाव्या चाकाच्या खालच्या सांध्यातून दांडा दिसेल इतका वर-खाली होत होता. टक्. टक्. तोच आवाज! बूट फाटलेला, आणि ग्रीसच्या जागी गेरूसारखा गंजाचा चिखल.

"ताई, ही गाडी घाटात नेऊ नका," काका म्हणाले.

"नेली तर?"

त्यांनी दोन हातांनी करून दाखवलं. एक हात सरळ उभा, आणि मग मनगटातून बाहेरच्या बाजूला आडवा. गोळी वाटीतून निसटली, की चाक असं आडवं पडतं. गाडीचं नाक रस्त्यावर टेकतं. स्टेअरिंग तुमच्या हातात राहतं, पण त्याचं चाकाशी काही नातं उरत नाही. आणि निसटतं कधी? बहुतेक वेळा सांध्यावर जोर येतो तेव्हाच. ब्रेक दाबताना, खड्ड्यात, वळणावर. म्हणजे ताम्हिणीत जे सगळं एकाच ठिकाणी मिळतं ते!

मी वर गेले आणि टीपॉयवरची किल्ली उचलून ऑफिसच्या बॅगेत टाकली. म्हटलं, "बाबा, काम झाल्याशिवाय गाडी निघणार नाही."

अठ्ठावीस वर्षांत मी बाबांशी या सुरात बोलले नव्हते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "आजीची तारीख मंगळवारची आहे. आणि मी पस्तीस वर्षं गाड्या बघितल्यात." मग थोड्या वेळानं, "ही गाडी आम्ही अशी बनवलेली नाही."

तेव्हा मला कळलं की हे भांडण बॉल जॉइंटचं नव्हतंच. मी सांध्याबद्दल बोलत होते, त्यांना ऐकू येत होतं की तुमची गाडी, तुमची नोकरी, तुमचा कान, सगळं जुनं झालं. आता यावर लेकीनं काय बोलावं? मी किल्ली परत दिली नाही. एवढंच.

मार्ग काढला मिस्त्रीकाकांनी. खालून हाक मारली, "साहेब, एकदा खाली या. मी सांगत नाही, तुमच्याच हातानं बघा."

बाबा आले. टॉमी हातात घेतली. एकदा उचलली. टक्. जागा बदलून पुन्हा उचलली. टक्. मग उकिडवे बसून त्यांनी फाटलेल्या बुटात बोट घातलं आणि तो लाल चिखल अंगठ्यानं चोळून बघितला. काका म्हणाले, "कंपनीनं गाडी चांगलीच बनवलीय साहेब. पण रबराला वय असतं ना."

बाबा काही बोलले नाहीत. हात पुसले आणि विचारलं, "पुलर आहे का तुमच्याकडे?"

हातोडा कुठे मारायचा

गाडी पायी चालायच्या वेगानं गॅरेजपर्यंत नेली. मी पुढे, अर्थात! बाबा आणि काका पार्ट आणायला नाना पेठेत गेले. मी लॅपटॉप उघडून गॅरेजच्या स्टुलावरून वर्क फ्रॉम होम. मॅनेजरला सांगितलं बॅकग्राउंडला बांधकाम चालू आहे.

चारही सांधे नवे घ्यायचे ठरलं. एका बाजूचा गेला, म्हणजे दुसऱ्यानंही तेवढेच किलोमीटर आणि तेवढेच खड्डे खाल्लेत. एकच बदलला तर दोन महिन्यांत पुन्हा तेच उघडायचं आणि मजुरी पुन्हा द्यायची. दुकानात बाबा खुलले म्हणे. नवा बॉल जॉइंट हातात घेऊन त्याचा दांडा फिरवून बघायचा. चांगला असेल तर तो कडक फिरतो, पण सगळीकडे सारखा. लुळा पडला तर ठेवून द्यायचा. बूट मऊ हवा, कडा नीट बसलेली हवी. पार्ट नंबर जुळवायचा आणि पक्कं बिल घ्यायचं. डुप्लिकेट माल थोडा स्वस्त मिळतो, पण या एका जागी स्वस्ताई करायची नसते, एवढं तर आता तुम्हालाही पटलं असेल.

मग खरं काम सुरू झालं. ऐकायला सोपं वाटतं हो, जुना काढा नि नवा लावा! पण सफारीच्या पुढच्या सस्पेन्शनला टॉर्शन बार असतो. म्हणजे पिळून बसवलेली पोलादी कांब, जी स्प्रिंगचं काम करते. त्या कांबेत ताण साठलेला असतो. तो आधी उतरवला नाही आणि विशबोनला आधार न देता सांधा सोडला, तर विशबोन झटक्यात सुटतो आणि समोर असेल त्याला लागतो. घरी यूट्यूब बघून हे काम करू नका, एवढ्यासाठी हे सांगतेय. त्यात ही फोर बाय फोर. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा शाफ्ट बरोबर वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटच्या मधून जातो. साध्या गाडीत तिथे मोकळी जागा असते. इथे तो शाफ्ट ताणला जाऊ नये म्हणून नकल सारखं सांभाळावं लागतं. आणि ब्रेकचा कॅलिपर सोडवल्यावर तो होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं वर बांधायचा. काकांच्या हाताखालचा आयटीआयचा मुलगा हे न सांगता करत होता. बाबांनी ते पाहिलं आणि मान हलवली. त्यांच्याकडून ही फार मोठी पावती असते.

सगळ्यात मजा आली सांधा सोडवताना. बॉल जॉइंटचा दांडा निमुळता असतो आणि तो नकलच्या निमुळत्या भोकात गच्च बसलेला असतो. नट काढला तरी तो हलत नाही. नवखा माणूस दांड्यावरच हातोडा घालतो आणि आटे खराब करतो. काकांनी नट थोडा सैल केला, पण पूर्ण काढला नाही, म्हणजे सुटल्यावर सगळं अंगावर येणार नाही. पुलर लावून ताण दिला. आणि हातोडा मारला तो दांड्यावर नाही, बाजूच्या नकलच्या कानावर. एक. दोन. ठण... ठण... तिसऱ्याला आवाज बदलला. खड्ड!

"सुटला," बाबा आणि काका एकदमच म्हणाले. दोघांपैकी कोणीही वाकून बघितलं नव्हतं.

आमच्या पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याची भांडी घडतात. भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन जे बारीक चकाकते खळगे उठवतात, त्याला मठारणं म्हणतात. त्या ठोक्यांच्या आवाजात आमच्या आसपासची मुलं लहानाची मोठी झाली. बाबाही त्यातलेच. हाताला आणि कानाला एकाच वेळी कळणं, ही या भागातली जुनी विद्या आहे. त्या दिवशी बाबांचा कान शाबूत असल्याचं मला दिसलं. फक्त ड्रायव्हरच्या सीटवर बसून तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. "हं," म्हणाले. पण ऐकलं.

नवे सांधे बसले. नट टॉर्क पान्यानं मापून आवळले. कॅसल नटच्या खाचा आणि दांड्याचं भोक जुळलं नाही तर नट मागे घ्यायचा नसतो. थोडा आणखी आवळून पुढची खाच जुळवायची आणि नवी स्प्लिट पिन घालायची. पिन एका चहाच्या किमतीची. पण नट तिच्यामुळे जागेवर राहतो आणि नटामुळे चाक!

तुमच्यासाठी आणखी एक टीप. काही गाड्यांत बॉल जॉइंट बोल्टनं लागतो, काहींत तो प्रेसनं दाबून बसवावा लागतो, आणि काहींत तर सुटा मिळतच नाही, अख्खा विशबोन घ्यावा लागतो. त्यामुळे मित्राचं बिल आणि तुमचं बिल यांची तुलना करून मेकॅनिकशी भांडू नका. आधी विचारा, आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे.

शेवटचं काम व्हील अलाइनमेंट. गंमत म्हणजे, त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी एका चकचकीत दुकानात बाबांनी अलाइनमेंट करून घेतलं होतं. रंगीत प्रिंटआउट मिळाला होता, सगळे आकडे हिरवे. तरी टायरची एकच कड खाल्ली जात होती. कारण सांधा ढिला असताना केलेलं अलाइनमेंट म्हणजे डुगडुगत्या टेबलावर रांगोळी काढण्यासारखं आहे. दुकानाबाहेरच्या पहिल्या स्पीडब्रेकरला ती मोडते. आधी सांधे, मग अलाइनमेंट. हा क्रम लक्षात ठेवा, टायरचे पैसे वाचतील.

शनिवारी संध्याकाळी गाडी तयार झाली. बिल पाच आकड्यांत जेमतेम शिरलं. नव्या एसयूव्हीच्या एका महिन्याच्या हप्त्यात हे काम दोनदा होऊन वर भेळ आली असती.

विकायची की ठेवायची?

रविवारी पहाटे आम्ही निघालो. मुळशी, मग ताम्हिणी. धुकं इतकं, की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. वळणावर बाबांनी ब्रेक दाबला, चाक एका खड्ड्यात गेलं आणि बाहेर आलं. काही आवाज नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. रेडिओ बंद होता. तो बाबांनीच बंद केला होता.

परतताना आजी मागच्या सीटवर उशी घेऊन बसली आणि घाटात चक्क झोपली. मंगळवारी तिचं ऑपरेशन झालं. आता ती गॅलरीतून खालच्या माणसांचे शर्ट कुठल्या रंगाचे ते सांगते आणि इस्त्री नीट नसेल तर तेही सांगते!

ऑफिसमध्ये अजून विचारतात, "एवढी कटकट कशाला? विकून टाका ना." मी काही जुन्या वस्तूंची भक्त नाही. माझा फोन दर दोन वर्षांनी बदलतो. चासी सडली असती, इंजिन दमलं असतं, पार्ट मिळेनासे झाले असते, तर मीच बाबांना सांगितलं असतं की बास आता. पण तसं काही झालेलं नाही. त्या जातीच्या सफारीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. २०२१ मध्ये त्याच नावानं नवी गाडी आली, ती छान आहे, पण तिच्यात फोर बाय फोर नाही. आमच्या लाल मातीला ते लागतं. हिशोब इतका सरळ आहे.

आणि हिशोबापलीकडची एक गोष्ट. वस्तू जुनी झाली, असं आपण सरसकट म्हणून टाकतो. प्रत्यक्षात गाडी कधी एकदम जुनी होत नाही. तिच्यातला एक बूट चिरतो, एक सांधा झिजतो. त्याला नाव देता आलं, तर तो बदलता येतो. नाव देता आलं नाही, तर आपण म्हणतो 'वय झालं' आणि एक तर चालवत राहतो, नाही तर अख्खी गाडी विकून टाकतो. दोन्ही महाग पडतात. माणसांच्या बाबतीतही फार वेगळं नसावं. बाबांना मी 'आता तुम्ही घाटात चालवू नका' असं सांगू शकले असते. बरेच जण तसंच सांगतात. पण झिजलं काय होतं? लिंबाएवढी एक गोळी. ती बदलली आणि बाबा पुन्हा घाटात गाडी चालवतायत, माझ्यापेक्षा बरी!

तर येत्या रविवारी एवढंच करा. मित्राला किंवा मैत्रिणीला गाडी चालवू द्या. काचा खाली, रेडिओ बंद, आणि तुम्ही भिंतीच्या बाजूनं गाडीच्या पुढच्या चाकाबरोबर चाला. सोसायटीच्या स्पीडब्रेकरपर्यंत पुरे. काही ऐकू आलं, तर ओळखीच्या मेकॅनिकला बोलवा आणि बारा-सहाला हात लावून दाखवा म्हणा. काही ऐकू आलं नाही, तर उत्तम! दोघं मिळून चहा प्या.

फक्त कोणी "आवाज तर येणारच" असं म्हणालं, तर किल्ली आधी स्वतःच्या बॅगेत टाका.